नकाशा कानाने वाचताना

वर्ध्याच्या गोपुरीतलं गीताई मंदिर पाहून आलेल्या माणसाला त्या मंदिराचा आकार विचारा. छप्पर नाही, मूर्ती नाही, उभ्या शिळांच्या भिंती आहेत आणि त्यांवर विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय कोरलेले आहेत, एवढं तो सांगेल. आकार मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. शिळांची मांडणी चरखा आणि गाय अशा आकृत्यांची आहे, पण ती वरून पाहिली तरच कळते. शिळांच्या मधून चालणाऱ्याला फक्त वळणं लागतात, आणि ती चांगल्या नजरेच्या माणसालाही एखाद्या बोळातल्या वळणांसारखीच वाटतात. आकृती त्याला कुणीतरी सांगावी लागते. एकदा सांगितली की मग कळतं, ही जागा जमनालाल बजाजांच्या गोसेवेची, गाव गांधीजींच्या चरख्याचं, म्हणून या दोन आकृत्या.

1980 साली उभं राहिलेलं हे मंदिर म्हणजे या प्रकरणाच्या विषयाचं फार सोयीचं उदाहरण आहे. गुंतागुंतीचं चित्र डोळ्यांना दिसणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशा, आलेख, यंत्राची आकृती, वंशावळ, शरीराचा छेद ही सगळी चित्रं अशी आहेत, की त्यांच्याकडे नुसतं पाहून भागत नाही, ती वाचावी लागतात. ज्याला ती दिसतच नाहीत त्याच्यासाठी ती शब्दांत लिहायची, तर लिहिणाऱ्याने आधी ती नीट वाचलेली असली पाहिजेत. दुर्दैवाने बहुतेक वर्णनं इथेच फसतात. लिहिणारा चित्रात काय काय दिसतं त्याची यादी करतो. ते चित्र त्या पानावर कशासाठी छापलं आहे, हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही.

त्या शिळांवरचा पहिलाच श्लोक एका अंध माणसाचा प्रश्न आहे, हे लक्षात आलं की गंमत वाटते. धृतराष्ट्र विचारतो, माझ्या आणि पंडूच्या मुलांनी रणांगणावर काय केलं? संजयापुढे दोन अफाट सैन्यं उभी आहेत. एवढं मोठं गुंतागुंतीचं चित्र साहित्यात क्वचितच कुणाला तोंडी सांगावं लागलं असेल. तो सैन्याचा आकडा सांगत बसत नाही, मैदानाचं वर्णन करत नाही. पांडवांची रचना पाहून दुर्योधन द्रोणाचार्यांकडे गेला, इथून तो सुरुवात करतो. ऐकणारा बाप आहे आणि त्याला आधी मुलाची खबर हवी आहे. योद्ध्यांची नावं त्यानंतर येतात, तीही दुर्योधनाच्या तोंडून. शंख कुणी कोणता फुंकला, घोड्यांचा रंग कोणता, हा तपशील त्याच्याही नंतर. आज प्रतिमावर्णनाचे जे नियम जगभर शिकवले जातात, त्यांचा क्रम जवळपास हाच आहे: ऐकणाऱ्याला काय हवं ते आधी, मग मांडणी, मग बारकावे.

मजकूर ऐकून ज्ञानी झालेल्या अंध माणसांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तिथले गुलाबराव महाराज (1881-1915) तान्हे असतानाच दृष्टी गमावून बसले होते. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि आपलं सांगितलेलं लिहून घ्यायला लावून त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. पण ते ज्या ग्रंथांच्या जगात वावरले, त्यात चित्रं नव्हतीच म्हटलं तरी चालेल. वाचून दाखवणारा एक चांगला माणूस मिळाला की ग्रंथ सगळा पोचायचा. आजचं शाळेचं पुस्तक तसं पोचत नाही. विज्ञानाच्या, भूगोलाच्या, अर्थशास्त्राच्या पुस्तकात निम्मं सांगणं आकृत्यांवर सोपवलेलं असतं आणि मजकूर फक्त म्हणतो, "आकृतीचे निरीक्षण करा." वाचून दाखवणारा तिथे येऊन थांबतो.

शाळेने यावर काढलेला तोडगा म्हणजे ते चित्र वगळणं. भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत नकाशा भरण्याच्या प्रश्नाखाली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्यायी प्रश्न असतो. परीक्षेपुरती ही सवलत रास्त आहे. पण ती हळूहळू वर्गात शिरते. परीक्षेत नकाशा नाही, मग शिकवायचा तरी कशाला? अशाने मुलगी दहावी होते आणि आपल्या जिल्ह्याच्या कोणत्या अंगाला कोणता जिल्हा आहे ते तिला ठाऊक नसतं. त्यात तिच्या डोळ्यांचा काही दोष नाही.

वर्धा जिल्ह्याचाच नकाशा घेऊ. त्याचं वर्णन मी असं लिहीन:

"वर्धा जिल्हा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपा, लांबट पसरलेला आहे. पश्चिमेची आणि नैऋत्येची हद्द बहुतेक वर्धा नदीची आहे. नदीपलीकडे पश्चिमेला अमरावती आणि नैऋत्येला यवतमाळ जिल्हा. उत्तरेला आणि पूर्वेला नागपूर, आग्नेयेला चंद्रपूर. तालुके आठ. वायव्येच्या टोकाला आष्टी आणि कारंजा (घाडगे), त्यांच्या दक्षिणेला आर्वी. मधल्या पट्ट्यात तीन: नागपूरच्या अंगाला सेलू, नदीच्या अंगाला देवळी आणि दोहोंच्या मध्ये वर्धा. आग्नेयेला हिंगणघाट आणि समुद्रपूर; त्यांतलं हिंगणघाट नदीकडे, समुद्रपूर नागपूरकडे."

शंभराहून कमी शब्द झाले. यात प्रत्येक गावाचा ठिपका नाही, हद्दीची सगळी वळणं नाहीत, आणि ती नसावीत. पहिल्या वाक्यात संपूर्ण आकार आला, मग कडा, मग आतले भाग एका दिशेने ओळीने आले. ऐकणाऱ्याचं बोट मनातल्या मनात वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत गेलं. आधी हिंगणघाट, मग आष्टी, मग वर्धा अशी उडी मारली असती तर तेच आठ तालुके सांगूनही नकाशा उभा राहिला नसता. दिशा सांगताना 'डावीकडे', 'वरती' हे शब्द मी टाळले. कागद फिरवला की डावं उजवं होतं, पूर्व मात्र पूर्वच राहते. शेतात, गावात आपली माणसं दिशांनीच बोलतात, तेव्हा मराठी श्रोत्याला ते जडही जात नाही. 'घाडगे' हा शब्द कंसात घातला, कारण दुसरं कारंजा वाशीम जिल्ह्यात आहे. एक आष्टी बीडमध्येही आहे आणि एक सेलू परभणीत. नकाशा पाहणाऱ्याचा असा गोंधळ होत नाही. ऐकणाऱ्याचा होऊ शकतो.

आता हाच नकाशा रेल्वेच्या धड्यात आला, तर तालुके जवळजवळ गाळून टाकावेत. तिथे सांगायचं ते एवढंच, की नागपूरहून आलेला लोहमार्ग वर्धा-सेवाग्रामपाशी दुभंगतो. एक फाटा पुलगाववरून पश्चिमेला बडनेऱ्याकडे आणि पुढे मुंबईला जातो, दुसरा हिंगणघाटवरून दक्षिणेला बल्लारशाहकडे. नद्यांच्या धड्यात आला, तर धाम आणि बोर या नद्या उत्तरेच्या डोंगराळ भागातून आग्नेयेकडे उतरतात आणि त्यांचं पाणी वेणेतून वर्धेत जातं, हे यायला हवं. बाह्यरेषा एकच, वर्णनं तीन. एकदाच लिहून सगळीकडे चिकटवता येईल असं वर्णन नसतं, हे छापखान्यातल्या आणि संकेतस्थळं चालवणाऱ्या मंडळींना पटवणं सर्वांत कठीण जातं.

आलेखांची गोष्ट वेगळी. तिथे चित्राच्या मागे आकडे असतात आणि आकडे शब्दांत सांगता येतात, म्हणून लोकांना आलेखाचं वर्णन सोपं वाटतं. वर्धा जिल्ह्याच्या लोकसंख्येचा साधा स्तंभालेख कल्पा: 1991, 2001 आणि 2011 या तीन जनगणनांचे तीन स्तंभ. "निळ्या रंगाचे तीन स्तंभ, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच" हे वर्णन खरं आहे आणि निरुपयोगी आहे. उपयोगी वर्णन असं: "लोकसंख्या 1991 मध्ये 10 लाख 67 हजार, 2001 मध्ये 12 लाख 37 हजार आणि 2011 मध्ये 13 लाख 1 हजार. पहिल्या दशकात सुमारे 16 टक्के वाढ झाली, दुसऱ्यात जेमतेम 5 टक्के." पाहणाऱ्याला पहिली पायरी उंच आणि दुसरी ठेंगणी एका नजरेत दिसते. ऐकणाऱ्याला ते वजाबाकी करून काढायला लावू नये. वाढ मंदावली, हीच या आलेखाची बातमी आहे, ती शब्दांत आलीच पाहिजे. नेमके आकडे ज्याला हवेत त्याच्यासाठी खाली छोटा तक्ता द्यावा. 10,67,357, 12,36,736 आणि 13,00,774 हे आकडे वाक्यात कोंबले की कानाला त्यांचा नुसता खडखडाट ऐकू येतो.

या आलेखात आणखी एक फसवणूक दडू शकते. स्तंभ शून्यापासून न काढता दहा लाखांपासून काढले, तर 2011 चा स्तंभ 1991 च्या जवळजवळ साडेचारपट उंच दिसेल. प्रत्यक्षात लोकसंख्या सव्वापटही झालेली नाही. वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीच्या पत्रकांत असे आलेख ढिगाने असतात. इथे दृष्टिहीन वाचक फायद्यात राहतो, त्याला खरे आकडे मिळतात! तरीही वर्णनात "उभा अक्ष दहा लाखांपासून सुरू होतो" हे एक वाक्य असावं, असं माझं मत आहे. शेजारी बसलेला मित्र "बापरे, केवढी वाढ" म्हणाला, तर तो असं का म्हणतो तेही ऐकणाऱ्याला कळायला हवं.

छायाचित्राकडे वळलं की हे गणित संपतं आणि तारतम्य सुरू होतं. सेवाग्राम आश्रमातल्या गांधीजींची कितीतरी छायाचित्रं त्यांचे चुलतनातू कनू गांधी यांनी काढली. फ्लॅश वापरायचा नाही, छायाचित्रासाठी कुणाला उभं करायचं नाही आणि आश्रम पैसे देणार नाही, या अटींवर त्यांना परवानगी होती. त्यांतलं एक प्रसिद्ध छायाचित्र 1940 मधलं आहे: गांधीजी सूक्ष्मदर्शकातून कुष्ठरोगाचे जंतू पाहत आहेत. कुष्ठरोगावरच्या पुस्तकात हे छापलं, तर ते कशाकडे पाहताहेत ते महत्त्वाचं. ज्या काळात समाज कुष्ठरोग्याकडे पाहायला तयार नव्हता, त्या काळात हा माणूस त्या रोगाचं कारण डोळ्याने पाहून घेतो आहे. छायाचित्रकलेच्या पुस्तकात छापलं, तर उजेड कोणत्या बाजूने येतो, चौकटीत काय घेतलं आणि काय वगळलं, याला किंमत. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात कदाचित उपकरणाला.

छायाचित्रात एक मोह मात्र आवरावा लागतो. "गांधीजींच्या चेहऱ्यावर करुणा दाटून आली आहे" असं लिहायला हात शिवशिवतात. भुवया आवळलेल्या आहेत, ओठ मिटलेले आहेत, मान पुढे आली आहे, असं जे दिसतं ते लिहावं. करुणा की कुतूहल, ते ऐकणाऱ्याला ठरवू द्यावं. पाहणाऱ्याला जो निवाडा करायला मिळतो, तो ऐकणाऱ्याकडून काढून घेऊ नये. पण याचं टोकही गाठू नये. छायाचित्रातला माणूस गांधीजी आहेत हे माहीत असताना "चष्मा घातलेला एक वृद्ध पुरुष" असं लिहिणं हा अलिप्तपणाचा आव झाला. रंगांबद्दलही लोक उगीच बिचकतात. जन्मांध माणसाला रंग सांगून काय उपयोग, असं विचारतात. भारतात अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू आहे. बहुसंख्य दृष्टिहीनांनी आयुष्याचा मोठा काळ जग पाहिलेलं असतं. आणि जन्मांध असला तरी पांढरा कापूस, भगवा झेंडा, हिरवा कंदील यांच्याच जगात तो राहतो. तेव्हा रंगाला अर्थ असेल तिथे रंग सांगावा.

शब्दांत वर्णन कशाला, ब्रेल आहे, उठावाचे नकाशे आहेत, असं कुणी म्हणेल. ते आहेत आणि असायलाच हवेत. आकार समजायला बोटासारखं दुसरं साधन नाही. पण बोटाला डोळ्याइतकं बारीक कळत नाही. ब्रेलचे दोन ठिपके साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, त्याहून फार जवळ आणले की बोटाला ते एकच वाटू लागतात. आठ तालुके, चार नद्या, दोन लोहमार्ग एकाच उठावाच्या नकाशावर घातले तर हाताला नुसता खरखरीत पत्रा लागेल. त्याच्या जोडीला शब्द लागतातच.

आणि काहींना ब्रेल वाचताच येत नाही. वर्ध्याला ही गोष्ट इतर गावांपेक्षा जास्त माहीत असायला हवी. 1936 मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानही वर्ध्यातच स्थापन झालं. कुष्ठरोग नसांवर हल्ला करतो. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही, बुबुळाची संवेदना गेली की त्यात कचरा गेलेला कळत नाही, जखम होते आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर दृष्टी जाते. त्याच रोगाने बोटांचीही संवेदना गेलेली असते. म्हणजे अंधत्व आलं आणि ब्रेलचा मार्गही बंद झाला. जपानमधल्या कुष्ठवसाहतींत काही रुग्ण जिद्दीने जिभेने ब्रेल वाचायला शिकले. आता औषधांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, अशी माणसं कमी होत चालली आहेत. पण मधुमेहानेही दृष्टी आणि बोटांची जाणीव दोन्ही जाऊ शकतात, आणि मधुमेह काही कमी होत नाही. या माणसांजवळ कान एवढंच साधन उरतं.

आज हे ऐकवण्याचं काम स्क्रीन रीडर करतो. 'एनव्हीडीए'सारखं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर, 'टॉकबॅक' फोनवर; दोन्हींना मराठी वाचता येतं. चित्रापाशी आल्यावर ते चित्राला जोडलेला पर्यायी मजकूर वाचतात. तशी सोय संकेतस्थळांच्या भाषेत 1995 पासून आहे. मजकूर जोडलेला नसेल तर "ग्राफिक" एवढंच ऐकू येतं, किंवा फाइलचं नाव. गुंतागुंतीच्या चित्राला तिथे एकच ओळ द्यावी, "वर्धा जिल्ह्याचा तालुकावार नकाशा, वर्णन खाली", आणि सविस्तर वर्णन पानावरच उघड छापावं. त्याचा उपयोग डोळसांनाही होतो, कारण आलेख वाचता न येणारे डोळस आपल्यात पुष्कळ आहेत.

मराठीत मात्र एक अडचण खास आपली आहे. आपल्याकडची कितीतरी परिपत्रकं, स्मरणिका, अहवाल अजून जुन्या फाँटांत टाइप केलेले असतात. डोळ्याला ती देवनागरी दिसते, आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, आणि स्क्रीन रीडर ते इमानदारीने अगम्य भाषेत वाचतो. कित्येक कागद तर स्कॅन करून चढवलेले असतात. म्हणजे मजकूर स्वतःच एक चित्र झालेला असतो, वर्णन नसलेलं. आधी युनिकोड, मग चित्रांचं वर्णन, हा क्रम उलटवता येत नाही.

कायदा या बाबतीत आता मोघम राहिलेला नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा माहिती सुगम्य स्वरूपात मिळण्याचा हक्क देतो. राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं रूपांतरित करण्याला मोकळीक देणाऱ्या मराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश. कागदावर आपण पुढे आहोत.

फोनमधली कृत्रिम बुद्धिमत्ता आता चित्राचं वर्णन क्षणात करते आणि रस्त्यावरची पाटी, औषधाचं वेष्टन, लग्नातलं छायाचित्र यांसाठी ती मोठीच मदत आहे. नकाशा आणि आलेख तिच्यावर सोडू नयेत. ती कधी कधी आकडे चुकीचे वाचते आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने सांगते. तिने केलेला कच्चा मसुदा विषय जाणणाऱ्याने तपासून घ्यावा, एवढाच तिचा उपयोग.

हे काम करायला चित्रकार असावं लागत नाही. भूगोलाचा शिक्षक, ग्रामपंचायतीचा अहवाल तयार करणारा ग्रामसेवक, स्मरणिकेचा संपादक, कुणीही ते करू शकतो. पुढच्या वेळी कुठे आलेख टाकाल, तेव्हा तो फोनवरून कुणाला समजावून सांगताय असं धरून चार वाक्यं लिहा. लिहून झालं की ती एखाद्या दृष्टिहीन वाचकाला ऐकवा आणि त्याला प्रश्न विचारू द्या. त्याच्या प्रश्नांची उत्तरं मजकुरात घाला. आणि या तपासणीचं मानधन त्याला द्या, जसं मुद्रितशोधकाला देता.